लॉर्ड शाफ्ट्सबरी : गिरणीतील मुलांचे कैवारी

फ्रान्स देशात १७८९ साली जी राज्यक्रांती झाली तिची हकिकत शाळेत गेलेल्या प्रत्येकास थोडीफार ठाऊक असते. राजा पदच्युत झाला, उमराव देशोधडीस लागले, आणि साऱ्या युरोप खंडातील राजवाड्यांस हादरा बसला. त्याच सुमारास शेजारच्या इंग्लंडात दुसरी एक क्रांती चालू होती. तिची दवंडी कोणी पिटली नाही, तिच्यासाठी तोफ डागली गेली नाही; परंतु गरीब मनुष्य पहाटे केव्हा उठतो, कोठे काम करतो, कोणाच्या हुकुमाने जेवतो, आणि त्याची लेकरे दिवसभर कोठे असतात, हे सर्व तिने दोन पिढ्यांत उलटेपालटे करून टाकले. ही यंत्रांची क्रांती होय. तीत चिरडल्या गेलेल्या लहान मुलांची बाजू ज्या गृहस्थाने सुमारे पन्नास वर्षे धरून ठेवली, त्या अँथनी ॲशली कूपर, म्हणजे शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल, ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांच्या कामाचा धागा शेवटी मुंबईच्या गिरण्यांपर्यंत येऊन पोहोचला; आणि आमच्या खेडेगावच्या मंडळ्यांत अशी घरे पुष्कळ सापडतील की, ज्यांतील आजोबा अथवा पणजोबा पोटासाठी त्या गिरण्यांत गेले होते.

प्रथम यंत्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढील गोष्ट समजावयाची नाही. साळी व कोष्टी लोकांस विदित आहे की, एका मागास पुरेल इतके सूत काढावयाचे तर चार-पाच जणांस चरख्यावर बसावे लागते. इंग्लंडातही असेच होते. बाई सूत काती, पोरे कापूस पिंजून पेळू करून देत, पुरुष मागावर बसे. सर्व काम आपल्या छपराखाली, आपल्या सवडीने. पुढे हारग्रीव्ह्ज नावाच्या विणकऱ्याने १७६४ च्या सुमारास एकाच चाकाने अनेक चात्या फिरविण्याची युक्ती काढली. आर्कराइट ह्याने १७६९ साली पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या सूतयंत्राची सनद घेतली, व त्याच वर्षी जेम्स वॅट ह्याने वाफेच्या यंत्रातील आपल्या सुधारणेची. १७८५ साली कार्टराइट ह्याने यंत्राने चालणारा माग काढला. तेव्हा काम घरातून उठले आणि गिरणीत गेले. वाफेचे यंत्र थकत नाही, त्यास दिवसरात्र सारखीच. म्हणून त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मनुष्यानेही थकू नये, अशी मालकांची समजूत झाली. आता यंत्र चालले की धागे तुटतात, आणि ते सांधावयास बारीक बोटे लागतात. यंत्राखाली साचलेला कापूस काढावयास लहान शरीर लागते. शिवाय पोराची मजुरी थोडी, व ते उलट बोलत नाही. म्हणून सहा-सात वर्षांची मुले गिरणीत घेऊ लागले. गावोगावच्या अनाथगृहांतील पोरे गाड्यांत भरून दूरच्या गिरण्यांस पाठविण्यात येत. इकडे हातमागाच्या विणकऱ्याची मजुरी इतकी उतरली की, ज्या बापाने पूर्वी आपल्या मागावर घर चालविले, त्याचे पोट आता मुलांच्या मजुरीवर चालू लागले.

असो. ॲशली ह्यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजी लंडन शहरात झाला. घराणे मोठे, आई ड्यूक ऑफ मार्लबरो ह्यांची कन्या. परंतु ह्या श्रीमंत घरातील मुलास प्रेमाचा दुष्काळ होता. बाप कठोर, आई आपल्या मेजवान्यांत गढलेली. मुलांनी आईबापांपुढे भीतभीत जावे, अशी घरची रीत. त्या घरात मारिया मिलिस नावाची एक वृद्ध नोकर बाई होती. तिने ह्या मुलास मांडीवर घेऊन प्रभूच्या गोष्टी सांगितल्या व एक लहानशी प्रार्थना शिकविली. ती प्रार्थना म्हातारपणीही आपण म्हणतो, असे ते पुढे सांगत असत. मुलगा शाळेत असतानाच ती बाई वारली, आणि मरतेवेळी तिने आपले सोन्याचे घड्याळ त्याला ठेवले. पुढे अर्ल झाल्यावरही त्यांनी दुसरे घड्याळ वापरले नाही. आमच्या मंडळ्यांतील ज्या आया, ज्या बायबल-बाया दुसऱ्यांच्या घरी मुले सांभाळतात, त्यांनी ही गोष्ट अवश्य वाचावी. इंग्लंडातील कोट्यवधी गरिबांवर ह्या नोकर बाईचे उपकार आहेत, आणि इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत तिला एक ओळसुद्धा मिळालेली नाही.

पहिली शाळा चिझिक येथील. तेथे मारहाण, घाण व उपासमार. त्या शाळेची आठवण त्यांस जन्मभर शहारे आणी. पुढे हॅरो येथे शिकत असता एके दिवशी त्यांनी एक प्रेतयात्रा पाहिली. कोणा भिकाऱ्याचे प्रेत चार-पाच दारू प्यालेले लोक आरडाओरडा करीत, अभद्र गाणी म्हणत नेत होते. वळणावर त्यांच्या हातून पेटी खाली पडली, व ते शिव्या देऊ लागले. मेलेल्याच्या मागे रडणारे एकही माणूस नव्हते. केवळ गरीब म्हणून देवाच्या प्रतिमेच्या मनुष्याची अशी विटंबना व्हावी, हे त्या मुलाच्या काळजास लागले, आणि गरिबांची बाजू घ्यावयाची असा त्याने तेथेच निश्चय केला. हॅरोच्या टेकडीवर त्या जागी शिळा बसविलेली आहे. पुढे ऑक्सफर्ड येथे ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, आणि १८२६ साली, वयाच्या २५ व्या वर्षी, पार्लमेंटात गेले. गेले ते घराण्याच्या वशिल्याने. वुडस्टॉक गावची जागा त्यांच्या आजोळच्या हातातली होती. त्या काळी अशीच रीत होती. ओसाड पडलेल्या खेड्यांस दोन-दोन सभासद, आणि मँचेस्टर व लीड्ससारख्या धुराड्यांनी भरलेल्या नव्या शहरांस एकही नाही!

त्यांचे पहिले काम वेड्यांविषयी. सरकारी चौकशीच्या कमिटीवर असताना त्यांना असे आढळून आले की, काही खाजगी वेड्यांच्या घरांत गरीब रोगी शनिवारी दुपारी बिछान्यास साखळीने बांधून टाकीत, आणि नोकरांस रविवारची सुट्टी मिळावी म्हणून सोमवारपर्यंत तसेच ठेवीत. १८२८ साली ह्याविषयी कायदा झाला, व देखरेखीच्या मंडळावर ते नेमले गेले. पुढे त्या मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि मरेपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. ह्याच वर्षी त्यांस हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या बोर्डात जागा मिळाली होती. म्हणजे ह्या देशाचे कागदपत्र त्यांच्या नजरेखालून गेलेले होते.

वेड्यांच्या कामात त्यांना जी सवय लागली ती जन्मभर टिकली. कागदावरील हकिकतीवर भिस्त न ठेवता, स्वतः जाऊन, कोठडीचे दार उघडवून, आत पाहावयाचे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १८३० साली रिचर्ड ओस्टलर नावाच्या गृहस्थाने यॉर्कशायरातील गिरण्यांविषयी वर्तमानपत्रात एक जळजळीत पत्र लिहिले. वेस्ट इंडिज बेटांतील गुलामांसाठी आपले धार्मिक लोक अश्रू ढाळतात, परंतु आपल्या दारापुढून पहाटे गिरणीत जाणारी पोरे त्या गुलामांहून बरी नाहीत, असा त्याचा आशय होता. मजुरांनी गावोगाव आपल्या कमिट्या स्थापून दहा तासांच्या दिवसाची मागणी केली. पार्लमेंटात मायकेल सॅडलर ह्यांनी ती बाजू घेतली व १८३२ साली चौकशी चालविली. तीत मजुरांच्या ज्या साक्षी झाल्या त्या वाचवत नाहीत. लीड्स येथील एका मुलीने सांगितले की, ती सहा वर्षांची असता गिरणीत लागली, आणि कामाची गर्दी असे तेव्हा पहाटे ५ पासून रात्री ९ पर्यंत उभी राही. झोप लागली तर मुकादमाचा पट्टा. कित्येक मुलांचे गुडघे उभे राहून राहून वाकडे झालेले होते. परंतु त्याच १८३२ सालच्या निवडणुकीत सॅडलर पडले. त्यांस पाडून निवडून आलेल्या दोघांपैकी एक मेकॉले, जे पुढे हिंदुस्थानात कायद्याचे मंत्री म्हणून आले आणि ज्यांनी आमच्या जुन्या दंडसंहितेचा मसुदा केला. त्या वर्षी मतदानाचा हक्क वाढला होता खरा. तो दुकानदारांस व कारखानदारांस मिळाला, मजुरांस नाही. पुष्कळांस ही मोठी राजकीय क्रांती वाटली. गिरणीतील पोरांचा मात्र तिने कैवारीच काढून घेतला.

तेव्हा मजुरांच्या कमिट्यांनी जॉर्ज बुल नावाच्या एका पाळकास लंडनास पाठविले, आणि त्यांनी १८३३ च्या फेब्रुवारी महिन्यात ॲशली ह्यांस विनंती केली. ॲशली ह्यांनी तोपर्यंत एकही गिरणी आतून पाहिलेली नव्हती. वय ३१, लग्न होऊन तीन वर्षे झालेली, घरात लहान मूल, बापाकडून पैसा नाही, आणि सरकारात वर चढण्याची आशा. हे काम अंगावर घेतले की ती आशा संपली, हे ते जाणून होते. त्यांनी विचारासाठी थोडा अवकाश मागून घेतला. प्रार्थना केली, शास्त्र उघडले, आणि पत्नी एमिली हिला सर्व धोके सांगितले. तिने त्यांस मागे ओढले नाही, पुढे ढकलले. पुढील चाळीस वर्षे ही बाई त्यांच्या पाठीशी उभी होती, हे येथेच सांगून ठेवतो.

१८३३ साली कायदा झाला. पण तो ॲशली ह्यांनी मागितला तसा नव्हे. त्यांनी १८ वर्षांखालील सर्वांस दहा तास मागितले होते. सरकारने त्यांचे बिल बाजूस सारून आपले आणले. नऊ वर्षांखालील मुलांस कापडाच्या गिरण्यांत मनाई (रेशमाच्या गिरण्या मोकळ्या!), नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस आठवड्यास ४८ तास, तेरा ते अठरापर्यंत दिवसास १२ तास. ऐकावयास हे बरे दिसते. परंतु ह्यातील मेख अशी की, मालकांनी मुलांच्या दोन पाळ्या केल्या, एक सकाळी व एक दुपारी, आणि मोठ्या माणसांचा दिवस होता तेवढाच लांब राहिला. मजुरांनी इतकी वर्षे जी मागणी केली होती ती मुलांच्या नावानेच बुडविण्यात आली, म्हणून ते फार चिडले. तथापि एक गोष्ट नवी झाली. कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी सरकारने पगारी तपासनीस नेमले. पूर्वीचे गिरणी-कायदे कागदावरच राहिले, कारण ते पाहावयाचे काम गावच्या मॅजिस्ट्रेटांकडे, आणि मॅजिस्ट्रेट म्हणजे पुष्कळदा गिरणीवाल्याचाच सोयरा.

तपासनीस किती? साऱ्या देशास चार. आणि त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो असा की, मुलाचे वय ठरवावयाचे कसे? सरकारी जन्मनोंद इंग्लंडात १८३७ साली सुरू झाली. तोपर्यंत डॉक्टराने मुलाचा बांधा पाहून दाखला द्यावा, असे चाले; दात पाहून वय ठरवावे, असेही कोणी सुचविले. बैलाचे दात पाहावे तसे! आईबापही मुलाचे वय वाढवून सांगत, कारण घरी खाणारी तोंडे पुष्कळ. शाळेचा दाखला आणणे मुलांस सक्तीचे होते. पण तपासनिसांस असे दाखले सापडले की, ज्यांवर पंतोजीने सहीच्या जागी फुली मारलेली होती, कारण पंतोजीस लिहिता येत नव्हते. आमच्या उपदेशक बंधूंनी मंडळीच्या बाप्तिस्मापटात तारखा नीट लिहाव्या, असे आम्ही वरचेवर बजावतो, त्याचे कारण अशा गोष्टींवरून कळून येईल. गरीब मुलाच्या हाती पुष्कळदा तेवढाच एक पुरावा असतो.

ह्यानंतर खाणींची पाळी आली. १८३८ साली यॉर्कशायरातील सिल्कस्टन गावी वादळी पावसाचे पाणी कोळशाच्या खाणीच्या वाटेत शिरून २६ मुलेमुली एकाच दिवशी बुडून मेली. १८४० साली ॲशली ह्यांच्या ठरावाने मुलांच्या कामाविषयी चौकशीमंडळ नेमले गेले, व त्याचा पहिला अहवाल १८४२ साली बाहेर पडला. मंडळाने एक शहाणपणाची गोष्ट केली. ज्या सभासदांस लांब अहवाल वाचण्याचा कंटाळा, त्यांच्यासाठी चित्रे घातली. त्या चित्रांत काय होते? दोन-अडीच फूट उंचीच्या बोगद्यात कमरेस पट्टा व दोन पायांमधून साखळी बांधलेली मुले व बायका, गुरांसारखी चार पायांवर, कोळशाची गाडी ओढीत आहेत. हवा खेळती राहावी म्हणून खाणीत लाकडी दारे असत. गाडी आली की ती उघडावयाची व पुन्हा मिटावयाची, ह्या कामास पाच-सहा वर्षांची पोरे बसवीत. दिव्याचे तेल महाग, म्हणून बारा तास मिट्ट काळोखात एकटे मूल. हिवाळ्यात ते काळोखात खाली उतरे व काळोखातच वर येई. सूर्य त्याला रविवारीच दिसे.

७ जून १८४२ रोजी ॲशली हे पार्लमेंटात दोन तास बोलले, आणि जे कठोर गृहस्थ गिरण्यांच्या बाबतीत त्यांचे वैरी होते त्यांच्याही डोळ्यांस पाणी आले. भाषण संपल्यावर कॉब्डेन, जे गिरणीवाल्यांचे पुढारी आणि त्यांचे कट्टर विरोधक, ते आपली जागा सोडून आले व त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. कायदा झाला. बायका, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे ह्यांस खाणीत उतरविण्यास बंदी झाली. ॲशली ह्यांनी मुलग्यांसाठी तेरा वर्षे मागितली होती. उमरावांच्या सभेत, जेथे खाणींचे धनीच बसलेले, त्याची दहा झाली. येथे एक गोष्ट आम्ही लपवू इच्छीत नाही. ज्या बायका खाणीतून वर आल्या त्यांच्या पोटाची कायद्याने काहीच तजवीज केली नाही; विधवांचे व एकट्या बायांचे हाल झाले. जुलमाचे काम बंद करणे हे अर्धे काम होय, दुसरे अर्धे तेव्हा कोणी केले नाही.

त्यांचे विरोधक त्यांस एक टोमणा नेहमी मारीत. दुसऱ्यांच्या गिरण्या पाहता, तर तुमच्या बापाच्या जहागिरीतील शेतमजुरांच्या झोपड्या अगोदर पाहा! टोमणा खरा होता. डॉर्सेट परगण्यातील शेतमजुरांची मजुरी साऱ्या इंग्लंडात अत्यंत कमी, व त्यांची घरे गोठ्यांहून वाईट. १८४३ साली ॲशली ह्यांनी त्याच परगण्यात, जमीनदारांच्या मेजवानीत उभे राहून, जमीनदारांसच दोष दिला. बापाने त्यांचे तोंड पाहणे सोडले. बाप १८५१ साली मरण पावल्यावर जहागीर हाती आली ती कर्जात बुडालेली. तरीही त्यांनी हळूहळू मजुरांची घरे पुन्हा बांधण्यास आरंभ केला.

दहा तासांच्या लढ्याची हकिकत लांब आहे, ती आम्ही थोडक्यात सांगतो. १८४४ च्या कायद्याने मोठ्या बायका प्रथमच कायद्याच्या छायेखाली आल्या, त्यांस १२ तास. यंत्रांस कठडे घालणे भाग पडले. लहान मुलांस अर्धा दिवस काम, अर्धा दिवस शाळा. मात्र कामास लागण्याचे वय नऊवरून आठवर आणले गेले, ही त्याची किंमत. दहा तास मागितले की मालक म्हणत, आमचा सारा नफा शेवटच्या तासात आहे, तो कापला तर गिरण्या बंद पडतील. एका विद्वान अर्थशास्त्र्याने हे गणित मांडून दाखविलेही होते. १८४६ साली धान्यावरील जकातीच्या प्रश्नावर ॲशली ह्यांचे मत बदलले. ज्या मतावर आपण निवडून आलो ते आता राहिले नाही, म्हणून त्यांनी आपण होऊन जागेचा राजीनामा दिला. त्यामुळे १८४७ साली दहा तासांचा कायदा मंजूर झाला तेव्हा ते पार्लमेंटात नव्हतेच. तो जॉन फील्डन ह्यांनी तडीस नेला. हे स्वतः मोठे गिरणीमालक, पण लहानपणी बापाच्या गिरणीत काम केलेले.

कायदा बायकांसाठी व अठरा वर्षांखालील मुलांसाठी होता. परंतु धागे सांधणारी मुले घरी गेल्यावर एकटा पुरुष साचा चालवू शकत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी पुरुषांचाही दिवस आपोआप आटोपला. गिरण्या बंद पडल्या नाहीत. संध्याकाळी मजूर परसात भाजी लावू लागले, रात्रीच्या शाळेत जाऊ लागले. ज्या आईने आपले लेकरू रविवारखेरीज जागे पाहिले नव्हते, तिला त्याच्याशी बोलावयास संध्याकाळचे दोन तास मिळाले.

पुढे कित्येक मालकांनी कायद्यात फट शोधून मुलांस व बायकांस पाळीपाळीने थांबवून, पुन्हा बोलावून, दिवस पूर्वीइतकाच लांबविला. आणि १८५० साली कोर्टाने निकालही त्यांच्याच बाजूने दिला. तेव्हा नवा कायदा करणे आले. सरकारने तडजोड सुचविली. गिरणी सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढीच चालावी, जेवणास दीड तास, शनिवारी दुपारी २ वाजता काम बंद. परंतु दिवस दहाऐवजी साडेदहा तासांचा. आठवड्यास दोन तास जास्त पडत होते. ॲशली हे पुन्हा निवडून आले होते, आणि त्यांनी मजुरांच्या पुढाऱ्यांस न विचारताच ही तडजोड मान्य केली. मजुरांनी त्यांस दगाबाज म्हटले. सतरा वर्षे ज्यांच्यासाठी झिजले त्यांच्या तोंडून हा शब्द! आमचे मत विचाराल तर, तडजोड शहाणपणाची होती. तिने फट बुजविली, आणि शनिवारची अर्धी सुट्टी इंग्लंडास मिळाली. परंतु विचारावयास पाहिजे होते. ज्याचा तास जातो त्यास विचारल्यावाचून तो देऊन टाकण्याचा अधिकार कैवाऱ्यासही नसतो.

त्यांचा हा दोष स्वभावात मुरलेला होता. ते गरिबांस भाऊ मानीत, पण सारथ्य आपल्याच हाती असावे असे त्यांस वाटे. मतदानाचा हक्क मजुरांस देण्यास ते जन्मभर भीत राहिले. १८६७ साली शहरांतील मजुरांस तो मिळू लागला तेव्हाही त्यांनी विरोध केला. मजुरांच्या संघांविषयी त्यांचे मन कधी मोकळे नव्हते. फ्रान्सच्या क्रांतीची भीती त्यांच्या पिढीतील प्रत्येक उमरावाच्या हाडांत शिरलेली होती. आणि गंमत अशी की, त्यांची सर्व लढाई ज्यांच्या जोरावर उभी होती त्या दहा तासांच्या कमिट्या मजुरांनी पै-पैसा वर्गणी काढून चालविल्या होत्या. कमिट्या नसत्या तर बुलसाहेब लंडनास आलेच नसते. एका उमरावाने गरिबांस सोडविले अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत सांगतात, ती अर्धीच खरी आहे.

त्यांची इतर कामे इतकी की, नुसती नावे घेतली तरी पान भरेल. १८४३ साली, हिंदुस्थानातून चीन देशात जाणाऱ्या अफूच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी पार्लमेंटात ठराव आणला. १८४४ पासून फाटक्या कपड्यांच्या मुलांसाठी चालविलेल्या फुकट शाळांच्या संघाचे ते सुमारे चाळीस वर्षे प्रमुख होते. १८५१ पासून ते ब्रिटिश आणि परदेशी बायबल सोसायटीचे अध्यक्ष होते. ह्याच सोसायटीच्या खर्चाने व श्रमाने मराठी शास्त्राच्या प्रती आमच्या वाडवडिलांच्या घरी अल्प किंमतीत आल्या. धुराड्यांत मुले चढवून काजळी काढविण्याची दुष्ट चाल मोडण्यासाठी १८४० साली कायदा झाला, १८६४ साली झाला, आणि दोन्ही वेळां तो धाब्यावर बसविण्यात आला, कारण श्रीमंतांस आपले गालिचे काळे व्हावयास नको होते. १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा लहान मुलगा धुराड्यात गुदमरून मेला, तेव्हा ७३ वर्षांचे शाफ्ट्सबरी पुन्हा उभे राहिले, आणि ह्या वेळी परवाना देण्याघेण्याचे काम पोलिसांकडे सोपविणारा कायदा झाला. त्याने ती चाल संपली. त्याच वर्षी लंडनच्या हातगाडीवाल्या भाजीविक्यांनी त्यांस एक गाढव नजर केले. अर्लसाहेबांनी ते आनंदाने स्वीकारले. राणीने दिलेल्या मानाच्या पट्ट्याविषयी मात्र ते इतके उदासीन की, १८५४ साली तो नाकारला, आणि १८६२ साली मोठ्या आग्रहाने घेतला. १८७२ साली त्यांची पत्नी वारली, आणि दोन-तीन महिन्यांच्या आत एक कन्या.

आता मुंबईकडे येऊ. कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईत सुताची गिरणी काढली, आणि वीस वर्षांत इंग्लंडात जे घडले होते ते सर्व येथे पुन्हा घडू लागले. दिवे नसल्यामुळे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. घाटावरून व कोकणातून आलेली माणसे, त्यांच्या बायका व लहान मुले कामावर असत. आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही. चौथ्या आज्ञेत देवाने दासदासींस व बैलासही विसावा सांगितला आहे. गिरणीत तो नव्हता. १८७५ साली शाफ्ट्सबरी ह्यांनी उमरावांच्या सभेत हा प्रश्न काढला. त्याच वर्षी मुंबईत चौकशीमंडळ नेमले गेले, पण त्यातून कायदा निघाला नाही. १८७९ साली, ७७ वर्षांचे असता, त्यांनी पुन्हा ठराव आणला.

येथेही खरे ते सर्व सांगितले पाहिजे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांस मुंबईचे स्वस्त सूत डोळ्यांत सलत होते, आणि हिंदी मजुराविषयी त्यांस एकाएकी जो कळवळा आला त्याचे कारण पुष्कळ अंशी तेच. मुंबईच्या मालकांनी व वर्तमानपत्रांनी हा डाव ओळखला व कायद्यास कडाडून विरोध केला. परंतु त्यांचे म्हणणे तेच होते, जे पन्नास वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या मालकांनी मांडले होते : धंदा बुडेल, मजूर राजीखुषीने येतो, आईबापच मुलांस पाठवितात. शाफ्ट्सबरी ह्यांस ही सर्व उत्तरे तोंडपाठ होती. १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला गिरणी-कायदा झाला. शंभराहून कमी माणसांच्या कारखान्यांस तो लागू नव्हता. सात वर्षांखालील मुलांस मनाई, सात ते बारापर्यंत ९ तास, व महिन्यास चार सुट्ट्या. मोठ्या माणसांविषयी, पुरुष असो की बाई, त्यात एक अक्षर नव्हते.

१ ऑक्टोबर १८८५ रोजी फोकस्टन गावी शाफ्ट्सबरी प्रभूमध्ये निजले. वेस्टमिन्स्टर ॲबे येथील प्रार्थनेसाठी त्यांची शवपेटी नेली त्या दिवशी लंडनच्या रस्त्यांत दोहो बाजूंस गरिबांची रांग लागली होती. फुले विकणाऱ्या मुली, बूट पुसणारी पोरे, फाटक्या शाळांतील विद्यार्थी, आपापली निशाणे घेतलेले मजूर. ज्यास काळे वस्त्र मिळाले नाही त्याने काळ्या चिंधीची पट्टी बांधली होती. ॲबेमध्ये राजेलोकांजवळ त्यांस जागा देऊ केली होती, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे आपल्या सेंट जाइल्स गावच्या मंदिरात त्यांस पुरले.

त्याच्या आदल्या वर्षी, १८८४ च्या सप्टेंबरात, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी-कामगारांची सभा भरविली. लोखंडे हे ज्योतिराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचे, आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. सभेने अर्ज केला तो असा : आठवड्यास एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आता बोलणारा उमराव नव्हता, ज्यांचे तास जात होते ते स्वतःच मागत होते. १८९० च्या एप्रिलात पुन्हा मोठी सभा भरली. तीत सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्याच वर्षीच्या जून महिन्यात मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्या वर्षी दुसरा कायदा झाला. मुलांचे वय सातावरून नऊ, चौदा वर्षांपर्यंत दिवसास ७ तास, बायकांस ११ तास, आणि सर्वांस आठवड्याची सुट्टी. पुरुषांच्या तासांस मात्र मर्यादा आणखी वीस वर्षे, १९११ च्या कायद्यापर्यंत, घातली गेली नाही.